चिंचेने घासलेला नळ

"मॅडम, आता पाजू ना हे पाणी अन्वीला?" सारिकाने विचारलं. माझ्या हातातली पट्टी गुलाबी होत होती.

पाण्यात शिसं असेल तर ही पिवळी पट्टी गुलाबी होते. घोडपदेवच्या या चाळीत सारिकाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या रक्तात शिसं सापडलं. दोष जुन्या पाइपचा निघाला, म्हणून आमच्या कंपनीने फिल्टर बसवला. त्यातले दाणे शिसं धरून ठेवतात आणि पाणी पुढे सोडतात. निदान लॅबमध्ये तरी.

"नको. बाटलीचंच पाज."

"अजून किती दिवस?"

मी नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. सॅम्पल परळच्या लॅबमध्ये नेलं. मशीननेही तेच सांगितलं. फिल्टरमधून आलेल्या पाण्यात आधीपेक्षा जास्त शिसं. दाणे मीच निवडले होते. त्या दुपारी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

"पट्टी खराब असेल," बॉस म्हणाले. "सर्टिफिकेट देऊन टाका. उद्या फिल्टरचं उद्घाटन आहे, पाहुणे यायचेत."

"मशीनही खराब आहे का, सर?"

ते फोनमध्ये बघू लागले. मी पुन्हा चाळीत गेले.

फिल्टर उघडला. दाणे ठीक होते. मग नळाकडे लक्ष गेलं. आम्ही प्लास्टिकचा दिला होता, हा पितळेचा. लखलखीत.

"पाहुण्यांच्या हातात प्लास्टिक बरं दिसतं का?" मंडळाचे सेक्रेटरी नाना म्हणाले. "गिरणीच्या कॅन्टीनमधला आहे. माझा बाप याचंच पाणी प्यायलाय. कालच आतून-बाहेरून चिंचेने घासून बसवलाय."

"नाना, अशा जुन्या पितळेत शिसं असतं. वर्षानुवर्षं आत जो थर बसतो, तो ते अडवून धरतो. चिंचेने तो थर गेला. आता नळात थांबलेल्या पाण्यात शिसं उतरतंय."

नानांनी पाना आणून दिला. मी नळ काढला, पाणी थोडं वाहू दिलं आणि सरळ फिल्टरच्या पाइपमधून ग्लास भरला. सारिकाने पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बुडवली. पाच मिनिटं ती पापणी न हलवता बघत होती. मीही. पट्टी पिवळीच राहिली. संध्याकाळी मशीननेही दुजोरा दिला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी प्लास्टिकचा नळ उघडला. पितळी नळ हार घालून टेबलावर ठेवला होता. भाषण चालू असतानाच सारिका अन्वीची बाटली भरून घरी गेली.

हल्ली फिल्टरचं सॅम्पल घेण्याआधी मी एकच विचारते: उद्घाटनासाठी काय काय घासलंय?