नंदीछाप पेढीचा दावा आणि आमचे मल्लिनाथराव

वकिलीची सनद घेऊन मी पहिल्यांदा मल्लिनाथराव वकिलांच्या ओसरीवर गेलो, तेव्हा राज्य निजामाचे होते आणि अदालतीची भाषा उर्दू होती. मी लिहून नेलेली अर्जी त्यांनी चष्मा वर सारून वाचली आणि म्हणाले, "ही अर्जी आहे का आहेराची यादी? सगळ्यांना खूश करायला निघालात. उठा, जेवून घ्या, मग परत लिहा." बोलणी आणि भाकरी अशी एकदमच वाढायची त्यांची रीत आहे. पुढे इतकी वर्षे त्यांच्या हाताखाली काढली, पण एकही दिवस यांपैकी एकच गोष्ट मिळाली असे झाले नाही.

त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या मोठ्या खटल्यांवर इतर मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते नंदीछाप पेढीच्या दाव्याबद्दल. तो दावा मल्लिनाथरावांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, जिंकला, आणि त्याआधी जवळजवळ स्वतःच बुडवला.

तुळजापूरच्या बाजारपेठेत बसाप्पांची पेढी होती. दारावर बसलेला नंदी रंगवलेला, म्हणून नाव नंदीछाप. वाचता न येणारी माणसेही नंदी पाहून आत शिरत आणि आपली पुंजी निर्धास्तपणे ठेवून जात. शिवलिंगशेठ नावाच्या गृहस्थांनी चार दुकाने सोडून 'श्री नंदीछाप पेढी' काढली. नंदीही त्याच रंगाऱ्याकडून काढून घेतला, फक्त गळ्यात हार जास्त. बसाप्पांची गिऱ्हाइके चुकून तिकडे जाऊ लागली. वडिलांनी उभ्या केलेल्या पेढीचे नाव डोळ्यांदेखत दुसऱ्याचे होताना पाहून बसाप्पा रडकुंडीला आले आणि साहेबांकडे धावले.

साहेबांनी दावा लावला आणि वर सल्ला दिला, "बसाप्पा, शिवलिंगशेठ बघा कसे गोड बोलतात. तुम्ही गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून जाता. निकाल लागेपर्यंत तरी जिभेला आवरा." हे साहेबांनी सांगावे, याचे मला आजही हसू येते.

बसाप्पांची ख्याती अशी, की पैसे काढायला येणाऱ्याची ते उलटतपासणी घेत. कशाला हवेत, कुणी सांगितले, बायकोला विचारले का, असे सगळे विचारून आणि झाडून झाल्यावरच तिजोरी उघडत. वकिलाचा शब्द मानून ते बिचारे एकदम "या, बसा, केव्हाही न्या" म्हणू लागले. बाजारात बोंब झाली की बसाप्पांची पेढी बुडतेय, नाहीतर हा माणूस गोड कशाला बोलेल! लोकांनी पैसे काढायला दारात गर्दी केली. साहेब गर्दी बघून आले, पण सल्ला काही मागे घेतला नाही. हट्टीपणात ते बसाप्पांना हार जाणारे नव्हेत.

तारखेला आमची मुख्य साक्षीदार होती लोहाऱ्याची गंगाबाई. डोळ्यांत मोतीबिंदू, नंदी तेवढा धूसर दिसायचा. बसाप्पांची जुनी गिऱ्हाईक, पण यंदा पुंजी ती चुकून शिवलिंगशेठांकडे ठेवून आली होती.

"चूक कधी कळली?" साहेबांनी विचारले.

"नातवाच्या लग्नासाठी पैसं मागाया गेले, तर लगीच हातावर ठिवलं की वो! कशाला पायजेत म्हून कुणीबी इचारलं न्हाय. तवाच वळखलं. म्हनलं, ही आपली पेढी न्हवं."

न्यायासनावरचे मुन्सफसाहेब मिशीत हसले. पण समोरचे वकील हुशार होते. म्हणाले, या बाई खऱ्या बसाप्पांना तरी ओळखतात का, ते बघू. मुन्सफसाहेबांनी बसाप्पांना पुढे बोलावले आणि विचारले, "माई, बसाप्पा येइच हैं क्या?"

बसाप्पा शिकवल्याप्रमाणे हसले. "या माई, बरं हाय न्हवं?"

गंगाबाईंनी कान टवकारले आणि मान हलवली. "छे! ह्यो कुनी दुसराच हाय. आमचा बसाप्पा असा बोलतच न्हाय."

शिवलिंगशेठ आनंदाने अर्धे उभे राहिले. मी कागद आवरायला घेतले. बसाप्पांच्या तोंडावरचे हसू तसेच राहिले होते, पण डोळ्यांत पाणी आले होते. साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग गाऊन सावरत शांतपणे म्हणाले, "बसाप्पा, या बाई नातवाच्या लग्नाला सोलापूरचा बँड आणणार आहेत. माझा सल्ला मी मागे घेतो. आता तुम्हाला काय वाटतं ते बोला."

"बँड?" बसाप्पांचा आवाज अदालतीच्या बाहेर गेला. "डोळ्यांनी दिसंना झालंय, त्याचा इलाज करायचा सोडून बँड लावतीस व्हय गं म्हातारे? हलगी काय मेली का गावातली? एक पै देनार न्हाय!"

गंगाबाईंनी तिथेच हात जोडले. "ह्योच! ह्योच माझा बसाप्पा!"

मुन्सफसाहेबांना हसू आवरेना. निकाल आमच्या बाजूने लागला. शिवलिंगशेठांनी नंदीवर हत्ती रंगवून घेतला, पण पावसाळ्यात रंग उडून हत्तीला शिंगे दिसू लागली. लग्नात हलगीच वाजली. गंगाबाईंना बैलगाडीत घालून सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साहेब स्वतः घेऊन गेले. वाटभर त्यांना बोलत होते, हे सांगायला नकोच. त्यानंतर कुठल्याही अशिलाला त्यांनी स्वभाव बदलायला सांगितले नाही.

गेल्या थंडीत साहेब फार आजारी पडले. मी भेटायला गेलो तर माझा हात धरून म्हणाले, "आलात? बरं वाटलं. तुम्ही फार चांगले आहात." मी बाहेर येऊन ओसरीवर बसलो आणि रडलो. इतका मी कधी घाबरलो नव्हतो. मग एका सकाळी पुन्हा गेलो, तर आतून आवाज आला, "ही काय यायची वेळ झाली? आणि तो सदरा कुणाचा घातलाय?" मी दारातच हात जोडले.

साहेबांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो. हा लेख वाचून ते मला घरी बोलावतील आणि झाडतील. दरवर्षी झाडोत. भाकरी वाढून ठेवा म्हणावे, मी येतोच आहे.