दहाच्या डोक्यावरचा आकडा

छापखान्यात किस्से कुणी गोळा करत नाही. अक्षरांच्या झिजलेल्या शिशाच्या खिळ्यांसारखे ते टेबलाखाली आपोआप साठतात. आमच्या कोल्हापूरच्या छापखान्यातले हे थोडे, एकाच पुस्तकाचे.

लग्नपत्रिका आणि कुस्त्यांची हँडबिलं छापणाऱ्या आमच्याकडं कॉलेजातल्या एका सरांचं विज्ञानाचं पुस्तक आलं. सर मालकांना, म्हणजे अण्णांना, म्हणाले, “तीनदा प्रूफ चुकलं तर पुस्तक पुण्याला नेईन.” शाळा सातवीत सुटल्यापासून माझ्या हाती आलेलं हे पहिलंच विज्ञान. ते जाऊ नये असं मला फार वाटे.

*

पहिली पानं दत्तूमामांनी जुळवली. मामा आमचे सर्वांत जुने कंपोझिटर. प्रकाशाचा वेग लिहिताना सरांनी तीन गुणिले दहा लिहून दहाच्या डोक्यावर बारीक आठ काढला होता. मामांनी सरळ एकशे आठ जुळवले.

“आठ वर सरकला हुता, खाली घेतला,” मामा म्हणाले.

सरांनी समासात लाल शाईनं लिहिलं, “सेकंदाला तीनशे चोवीस मीटर? तुमचा प्रकाश आवाजाच्याही मागं पडला.”

*

मग काम माझ्याकडं आलं. डोक्यावर बसवायला बारीक आकडे नव्हते, म्हणून मी सगळी शून्यं मांडली. एक ग्रॅम हायड्रोजनमधले अणू : सहाशे दोन, पुढं एकवीस शून्यं. अशा संख्यांनी पान भरलं आणि केसमधलं, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतलं, शून्याचं घर रिकामं झालं.

पलीकडं मामा कुस्त्यांचं हँडबिल जुळवत होते. “एक शून्य दे रं. कुस्त्या साडेतीनला हायेत, तीन वाजून तीन मिनिटांनी न्हाईत.”

सरांनी तेही प्रूफ परत पाठवलं. “पोरं शून्यं मोजत बसतील, शिकतील कधी?”

दोन झाली.

*

शेवटी कॅलेंडरमधल्या तिथींचे बारीक खिळे काढले, खाली शिशाची पट्टी देऊन उचलून बसवले. सर आले तेव्हा धीर करून विचारलं, “सर, हा वरचा आकडा करतो काय?”

“दशांशचिन्ह किती घरं उजवीकडं न्यायचं ते सांगतो. त्याच्या आधी उण्याची रेघ असेल तर डावीकडं.”

घरं मोजणं माझं रोजचंच. मी मामांना समजावलं.

“मग माझं मुरगूड किती लांब, सांग.”

“साडेचार गुणिले दहाचा चौथा घात मीटर.”

“तरीच एस्टीला येळ लागतोय,” मामा म्हणाले.

*

शेवटच्या धड्यात अणूचा व्यास होता. दहाच्या डोक्यावर नुसते दहा. हस्तलिखितात होतं तसंच मी जुळवलं, पण झोप लागेना. सरांना विचारावं तर ते मोठे. माझंच चुकलं तर पुस्तक पुण्याला. सकाळी प्रूफच्या समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं : “सर, पान चारवर सूर्याचा व्यास दहाच्या नवव्या घातात आहे. हा अणू सूर्यापेक्षा मोठा झाला. असू दे का?”

दुसऱ्या दिवशी सर प्रूफ घेऊन स्वतःच आले. अण्णा खुर्चीतून उठले. “चूक झाली का सर?”

सरांनी पुढच्या पुस्तकाचा गठ्ठा माझ्या केसवर ठेवला. खिशातून पेन काढलं आणि आपल्या हस्तलिखितात, डोक्यावरच्या दहाच्या अलीकडं, एक बारीक रेघ ओढली.

“झाली,” ते म्हणाले. “माझी.”