अक्काची गाडी आणि पाबे घाट

माझी थोरली बहीण, आमची अक्का, वरवे बुद्रुकला राहायची. तिच्याकडं तीन सिलिंडरची एक छोटी पांढरी पेट्रोल गाडी होती. तीत माणसं कमी आणि पातेली जास्त बसायची. दोन हजार सालाच्या आगेमागची ही गोष्ट. पानशेतकडं पुण्याच्या लोकांची सुट्टीची घरं वाढत होती, आणि तिथं येणाऱ्यांना चुलीवरचं जेवण हवं असायचं. अक्का सकाळी मटणाचा रस्सा, पिठलं आणि भात करायची, शेजारच्या दोन बायका भाकऱ्या थापायच्या. मग तिघी गाडीत बसून नसरापूर, विंझर करत पाबे घाट चढायच्या आणि दुपारच्या जेवणाला पानशेतला पोचायच्या. दाजी एसटीत ड्रायव्हर. गाडी त्यांनीच तिला शिकवली होती, पण सुट्टीच्या दिवशी त्यांची हमखास ड्युटी असायची. म्हणून गाडी, घाट आणि गिऱ्हाइकं, सगळं अक्काच सांभाळायची.

पाबे घाटात एक वळण होतं, तिथं गाडी दर वेळी हरायची. पहिल्या गिअरमध्येही इंजिन गुदमरायचं. मग दोघी बायका खाली उतरायच्या, भाकऱ्यांच्या टोपल्या डोक्यावर घ्यायच्या आणि वळण चालत चढायच्या. अक्का गाडी थोडी मागं घेऊन, जोर करून वर न्यायची आणि पुढं थांबायची. येणारेजाणारे हसायचे. अक्काला हसण्याचं काही वाटत नव्हतं, पण बायकांना उन्हात चालायला लावणं तिला आवडत नव्हतं.

मी तेव्हा वरव्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर काम करत होतो. गाड्यांची मासिकं वाचायचं मला वेड होतं. इंजिनात जास्तीची हवा दाबून भरली की तेवढंच इंजिन जास्त ताकद देतं, हे मी त्यातच वाचलं होतं. मी अक्काला म्हणालो, "आपण टर्बो बसवू."

"ते काय असतं?"

"सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरतं. ते इंजिनात हवा कोंबतं. धूर तर फुकटच जातो ना बाहेर."

अक्का म्हणाली, "जाणत्या माणसाला इचारू."

जाणता माणूस म्हणजे किकवीजवळ हायवेला गॅरेज असलेले चाचा. मूळचे भोरचे. मालट्रकांचे टर्बो दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस त्या पट्ट्यात नव्हता. साताऱ्याकडचे ड्रायव्हर बंद पडायला आलेली गाडी कशीबशी त्यांच्यापर्यंत आणायचे. चाचा बोनेट उघडायच्या आधी मिनिटभर नुसते ऐकत उभे राहायचे. त्यांची ती उभं राहण्याची पद्धत मला अजून दिसते: मान थोडी तिरकी, हातातलं फडकं स्थिर.

त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग आतून दोन वस्तू आणून बाकड्यावर ठेवल्या. एक लहानसा टर्बो. दुसरी वस्तू मी फक्त चित्रात पाहिली होती. एका परदेशी छोट्या गाडीच्या भंगारातून आलेला सुपरचार्जर.

"हवा भरायचं काम दोन्ही करत्यात," चाचा अक्काला म्हणाले. "ह्यो टर्बो धुरावर फिरतो. ह्यो दुसरा पट्ट्यावर, इंजिन फिरलं की लगेच फिरतो. पण इंजिनाचीच थोडी ताकद खातो, पेट्रोल बी जास्त पितो."

"मग टर्बोच बरा की," मी म्हणालो.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं नाही. अक्काला विचारलं, "ताई, गाडीत काय असतं?"

"रस्सा. मोठं पातेलं भरून."

"वळणावर गाडी कुठल्या गिअरला असती?"

"पहिल्या. कवा दुसऱ्या."

त्यांनी दाराकडं पाहिलं. दारात एक टर्बोवाली डिझेल जीप उभी होती, नुकतीच दुरुस्त झालेली. मालकाला घाटातली ट्रायल हवीच होती. चाचा म्हणाले, "उद्या ही पाब्याला नेतो. तुमी पातेलं घेऊन या. रस्सा नगं, पाणी भरा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जीपमधून निघालो. चाचा चालवत होते, अक्का शेजारी, आणि मी मागं पातेल्यापाशी. पातेलं काठाच्या चार बोटं खाली भरलेलं, वर झाकण, झाकणाला फडकं बांधलेलं, अगदी अक्का रस्सा बांधते तसं. वळण आलं. जीप हळू झाली, इंजिन रडतखडत चढू लागलं. चाचांनी पाय दाबून ठेवला. काहीच झालं नाही. मी मनात एक, दोन मोजले, आणि मग टर्बोनं शीळ घातली आणि जीप एकदम पुढं झेपावली. फडकं सुटलं, झाकण उडालं आणि अर्धं पातेलं माझ्या अंगावर आलं.

चाचांनी गाडी कडेला घेतली. अक्कानं मागं वळून मला नखशिखांत पाहिलं.

"ह्यो माझा रस्सा व्हता," ती म्हणाली.

चाचा हसले नाहीत. ते म्हणाले, "टर्बोला धूर साठाय येळ लागतो. हळू चढणाऱ्या गाडीला तो उशिरा जागा होतो, आन जागा झाला की धक्का देतो. सरळ रस्त्यावर त्याच्यासारखा दुसरा न्हाई. पर तुमचं काम वळणावरचं. तुमाला पाय टेकला की वढ पायजे, आन ती बी सारखी."

"मंजी पट्ट्यावालं," अक्का म्हणाली.

"व्हय. पेट्रोल जास्त जाईल, ते आधीच सांगतो."

"जाऊ द्या. बाया गाडीतनं उतरायला नकोत."

ज्या माणसाचं सारं नाव टर्बोवर झालं होतं, त्यानं तोच बाजूला सारला होता. ओल्या कपड्यांत मागं बसून मला पहिल्यांदा वाटलं की आपण मासिकातून जे वाचतो, त्याहून वेगळं काहीतरी ह्या माणसाला येतं.

सुपरचार्जर बसवायचं काम दोन आठवडे चाललं. ब्रॅकेट, नळ्या, कार्बोरेटरची जुळणी चाचांनी केली. पट्टा ज्यावर फिरतो ती सुपरचार्जरची पुली मात्र मी लेथवर करून द्यायची होती. चाचांनी पुठ्ठ्यावर खडूनं माप लिहून दिलं. माप बघून मला वाटलं, पुली थोडी लहान केली तर सुपरचार्जर जास्त जोरात फिरेल, हवा जास्त भरेल, आणि अक्काची गाडी घाटात उडेल. मी ती चार मिलिमीटर लहान केली. कुणाला सांगितलं नाही.

ट्रायलला चाचा आणि मी, दोघंच गेलो. मागं दोन पोती आणि पाण्याचं पातेलं. गाडी वळणावर अशी चढली की मी हसूच लागलो. पण चाचांची मान तिरकी झाली. इंजिनातून बारीक आवाज येत होता, पत्र्यावर हरभरे पडावेत तसा. त्यांनी लगेच गाडी थांबवली.

इंजिन गार होईपर्यंत ते एका दगडावर बसून राहिले. मग खिशातून दोरा काढून पुलीभोवती गुंडाळला आणि मोजपट्टीवर धरला.

"म्या दिलेलं माप हे न्हाई."

त्यांनी दोरा परत खिशात ठेवला.

"किती कमी केलीस?"

"चार."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते शांतपणे म्हणाले, "हवा जास्त दाबली की पेट्रोल येळेआधी पेटतं. त्योच ह्यो आवाज. मी हितं बसलोय म्हणून ऐकू आला. ताईच्या मागं पातेली वाजत असत्यात, दोघी बाया बोलत असत्यात. तिला पिस्टनला भोक पडल्यावरच कळलं असतं, ते बी भर घाटात."

उतारावर येताना ते म्हणाले, "तिला मी काय सांगनार न्हाई. तुझं तू बघ."

मी संध्याकाळी अक्काला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिचे हात थांबले, पण आवाज चढला नाही. "उद्या नीट करून आन," ती म्हणाली. "आन चाचांना माप पुन्यांदा इचार. पुठ्ठ्यावरचं बघू नगंस, त्यांच्या तोंडून ऐक."

मी गेलो. त्यांनी माप सांगितलं, मी पुली परत केली, आणि त्यांनी ती दोऱ्यानं न मोजता बसवली. तो विश्वास मला कारखान्यातल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा मोठा वाटला.

पुढच्या शनिवारी मीही पानशेतला गेलो. वळणाला दोघी बायांनी सवयीनं दाराला हात घातला. अक्का म्हणाली, "बसा." पट्ट्याचा घूं घूं आवाज आला आणि गाडी कसलाही हिसका न देता, एका चालीनं वर गेली. एक बाई टोपली मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हितनं धरण दिसतं व्हय? चालताना कधी मान वर केलीच न्हाई."

रस्सा सांडला नाही. गाडी तशीच बरीच वर्षं चालली. पट्टे बदलावे लागले, पेट्रोलही चाचा म्हणाले होते तसं जास्त लागलं, पण इंजिन कधी उघडावं लागलं नाही.

मी मात्र सुट्टीच्या दिवशी किकवीला जायला लागलो. चाचांच्या शेजारी उभं राहून ऐकायला शिकू लागलो, आणि पहिले कित्येक महिने मला काहीच ऐकू आलं नाही. एकदा पुण्याहून बँकेतले एक साहेब आले. गाडी अक्काच्याच जातीची, छोटी. कुणाकडून तरी अक्काच्या गाडीबद्दल ऐकून आले होते. म्हणाले, "मला तसाच सुपरचार्जर बसवून द्या."

चाचांनी विचारलं, "रोज कुठून कुठं जाता?"

"पुणे ते सातारा. एकटाच. हायवेनं."

चाचा फडक्याला हात पुसत माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "आतला टर्बो घेऊन ये."