लांबलेली पंगत

मधू गेला, असा फोन आला तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं हेच ठरवत मी चहा पीत बसलो होतो. आदल्या दिवशी आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं. विषय जुनाच, त्याच्या सिनेमाचा शेवट. छातीत कळ आली अन् दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं, असं त्याचा पुतण्या फोनवर सांगत होता. मी मनात म्हणत होतो, अरे, माझं ऐकून तरी जायचं...

खामगावात मधूचा फोटो स्टुडिओ. लग्नांच्या शूटिंगवर घर चाललं, पण डोक्यात कायम सिनेमा. शेवटी काढलाच त्याने, ‘राक्षस आला जेवाले’. विहिरीतून राक्षस निघतो अन् गाव खायला बसतो. दोन टारगट पोरं उडत्या बाजेवर बसून जादूची तलवार आणतात, ती निघते गंजलेली. मग गाव राक्षसाला पंगतीलाच बसवतं. वरण, रोडगे, वांग्याची भाजी आणि आपल्याकडचा आग्रह! पाहुण्याने पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढणारी माणसं आपण. खाऊन खाऊन राक्षसाला उठवेना, तेव्हा तो हात जोडून शरण येतो.

ही पंगत पिंपळगाव राजा या गावी खऱ्या गावकऱ्यांना घेऊन चित्रित झाली. मधू ‘कट’ म्हणाला तरी बाया वाढायच्या थांबेनात. राक्षस असला म्हणून काय झालं, पाहुण्याचं पान रिकामं कसं ठेवायचं? मधूने कॅमेरा चालूच ठेवायला सांगितला आणि स्वतः टोपलं घेऊन वाढायला शिरला. ते सगळं त्याने सिनेमात तसंच ठेवलं.

मुंबईच्या एका समीक्षकाने शेवट बालिश ठरवला, नागपूरच्या एकाने त्याच शेवटासाठी सिनेमा डोक्यावर घेतला. उडती बाज जिला टांगली ती दोरी दिसते, यावर मात्र दोघांचं एकमत. मी पेपरच्या पुरवणीत सिनेमांवर लिहायचो, तिथे लिहिलं की हसून पोट दुखतं, पण पंगत फार लांबली आणि दिग्दर्शकाने मध्ये घुसायचं काही कारण नव्हतं. दोस्त म्हणून सूट दिली नाही, त्याचा मला आजही पस्तावा नाही. मधूही रुसला नाही. दुसऱ्या दिवशी घरी हजर. “तू घड्याळ पाहून जेवतं बे, म्हणून तुले पंगत लांबली वाटते.” तेव्हापासून भेटलो की हाच वाद.

तेरवीनंतर काही दिवसांनी त्याच्या बायकोने, मंगलावहिनींनी, बोलावून घेतलं. मोबाइलवर सिनेमे दाखवणारी एक कंपनी मधूचा सिनेमा घ्यायला तयार होती. अट एकच, पंगत अर्धी करायची आणि मधूचा भाग काढायचा. नाही म्हटलं तर सिनेमा कपाटातच राहणार.

“भाऊजी, तुमी बी लांबलं म्हणत होते,” वहिनी म्हणाल्या. “कापू देऊ का?”

मी आधी पाहू म्हटलं, तशी वहिनींनी ती पंगत लावली. राक्षस नको नको म्हणत होता आणि मधू कमरेत वाकून त्याच्या पानात रोडगा ठेवत होता... “घे ना बे, लाजतं काहाले?” वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आवरेना, लपवू कशाला.

“लांबलं आहेच, वहिनी,” मी म्हणालो. “पण एक रोडगाही कमी करू देऊ नका.”

त्यांनी तिथूनच फोन करून कंपनीला नाही सांगितलं. मग पंगत पुन्हा लावू का, म्हणून विचारलं. आम्ही पुन्हा पाहिलं. टोपलं रिकामं करून मधू पडद्याबाहेर गेला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ती पंगत तोकडी वाटली.