खालून हाक मारणाऱ्या सिस्टर

हिराबाई सिस्टर सराईतपणे खोटं बोलायच्या, आणि तेही बीपी मोजताना असतो तितक्याच गंभीर चेहऱ्यानं.

त्या घणसोली गावातल्या. कोपरखैरण्याच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. नव्वदच्या दशकात माझे वडील, अण्णा, हार्ट अटॅकमधून वाचून घरी आले, तेव्हा रोज सकाळी बीपी बघायला त्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायच्या. डॉक्टरांनी अण्णांना चालायला सांगितलं होतं. सावकाश जिना चढायला-उतरायलाही हरकत नव्हती. पण एपीएमसी मार्केटात दिवसभर उभ्यानं काम केलेला हा माणूस आता बाथरूमपर्यंत जातानाही भिंत धरायचा. आई विनवायची, मी चिडायचे. ते कूस बदलायचे.

सिस्टर मात्र एकदाही 'चाला' म्हणाल्या नाहीत. एका सकाळी खालूनच हाक आली, "दादा, आज माजे गुडघे लय दुखतात. जिना नाय चढवत. तुमीच या खाली, सावकाश."

अण्णा कुरकुरत, आईचा हात धरून उतरले. प्रत्येक मजल्यावर थांबले. सिस्टरांनी त्यांना पायरीवर बसवून बीपी मोजलं. "बरोबर हाय," एवढंच म्हणाल्या.

गुडघे काही बरे होईनात. आठवड्याभरानं त्या सोसायटीच्या गेटवर थांबू लागल्या, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी. पुढे थेट बागेतल्या बाकावर. "तिथं सावली हाय," म्हणायच्या. अण्णा जात राहिले, हळूहळू आईच्या हाताशिवाय.

दोनेक महिन्यांनी अण्णांनी खिडकीतून त्यांना समोरच्या बिल्डिंगचे चार मजले झपाझप चढताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी बागेत अण्णांचा आवाज चढला. "मला फसवलंत तुम्ही!"

"फसवलं," सिस्टर म्हणाल्या. "'चाला' बोलले असते तर चालला असता? पहिल्या दिवशी तुमी उतरत होता, तवा माजाच जीव खालीवर होत होता."

अण्णा बीपी न मोजताच घरी आले.

दुसऱ्या सकाळी सिस्टर स्वतः जिना चढून वर आल्या. "रुसलेत ना दादा? म्हनून आले."

"ते केव्हाच फिरायला गेलेत," आई म्हणाली. "एकटेच."

सिस्टर खुर्चीत बसल्या. पदरानं चेहरा पुसला, पुन्हा पुसला. आईनं दिलेला चहा संपवला आणि थांबा म्हटलं तरी थांबल्या नाहीत. "आता रोज यायची गरज नाय. महिन्यातून एकदा दवाखान्यात पाठवा. येतील चालत."

थोड्या वेळानं अण्णा घामेजून परतले. शर्टाची बाही वर करून खुर्चीत बसले. "सिस्टर आल्या नाहीत अजून?"

आईनं सांगितलं.

अण्णांनी बाही खाली केली नाही.