फ्लॉप्यांची खंडेनवमी

साताऱ्यात पोवई नाक्याच्या उताराला एक छापखाना होता. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्याच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आला आणि पाटीवर ‘डीटीपी’ ही अक्षरं वाढली. मागच्या खोलीत छपाईचं ट्रेडल मशीन आणि शिशाची अक्षरं, म्हणजे टाइप, ठेवायच्या केसेस तशाच राहिल्या. मी एका दैनिकाचा जिल्हा बातमीदार होतो. बातम्या तिथे टाइप करून घ्यायच्या आणि तिथूनच फॅक्स करायच्या, अशी व्यवस्था होती. त्यामुळे बहुतेक दुपारी मी त्या दुकानातल्या बाकावर असे.

दुकानाचे मालक मूळचे कंपोझिटर. शिशाचे टाइप जुळवण्यात त्यांचं तारुण्य गेलं. कीबोर्ड ते उतारवयात शिकले आणि चांगले शिकले. समोरचा माणूस बोलेल त्या वेगाने ते मराठी टाइप करत. याच कारणाने एसटीचे एक निवृत्त कंडक्टर त्यांच्याकडे येऊ लागले.

कंडक्टर बौद्ध होते. मूळ गाव जत तालुक्यात, नोकरी सांगली डेपोत, निवृत्तीनंतर मुक्काम साताऱ्यात मुलाकडे. छप्पन सालापासून गावोगावच्या लोकांनी धर्म बदलला, तेव्हा त्यांच्या घरांत काय झालं, हे त्या माणसांच्याच तोंडून घेऊन पुस्तक करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सभा आणि भाषणं छापून आली आहेत, असं ते म्हणत. चुलीपाशी काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही. ती माणसं आता म्हातारी झाली होती. कंडक्टरांचा उजवा हात कापत असे, त्यामुळे लिहिणं जमत नव्हतं. टेपरेकॉर्डर त्यांनी वापरून पाहिला, पण तो पुढ्यात ठेवला की म्हातारी माणसं भाषण करू लागत. म्हणून ते माणसालाच एसटीने दुकानात घेऊन येत. माणूस स्टुलावर बसून बोले आणि मालक टाइप करत. मध्ये कागद येतच नसे.

उंब्रजजवळच्या खेड्यातली एक आजी अशीच आली होती. तिने बसल्या बसल्या मालकांना हटकलं.

“आवं, माझ्याकडं बघा की. त्या पेटीत काय बघताय?”

“आजी, तुमी बोला. हात लिवत्यात,” मालक म्हणाले.

“मग तुमी माझ्या सुनंवानीच. हात भाकरीवर आन डोळं टीव्हीवर.”

“भाकरी करपती का तिची?” कंडक्टरांनी विचारलं.

“करपती न्हाई तर! पर बोलायची सोय न्हाई. कमावती हाय ती.”

मग ती बोलू लागली. सासऱ्याने देवाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि कृष्णेत सोडले. सासू उंबऱ्यात आडवी पडली होती, तिला ओलांडून तो गेला. ताम्हणही त्याने सोबत नेलं होतं, पण सासू मागोमाग नदीवर गेली आणि तेवढं परत घेऊन आली. पुढे त्या ताम्हणात पीठ मळलं जाई. नदीच्या काठावर सासू सासऱ्याला काय म्हणाली, ते आजीने सासूच्या आवाजात करून दाखवलं. मालकांचे हात थांबले. “आजी, तेवढं परत सांगा,” ते म्हणाले. तिने परत सांगितलं. त्यांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला आणि तिला वाचून दाखवला. तिने मान हलवली. त्याच पावसाळ्यात ती वारली.

अशी बरीच माणसं त्या कॉम्प्युटरमध्ये जमा झाली होती. शिवाय त्यांची दुसरी प्रत फ्लॉप्यांवर होती. सगळे तालुके झाल्याशिवाय छापील प्रत काढायची नाही, असं कंडक्टरांचं म्हणणं होतं, कारण क्रम सारखा बदलत होता. प्रिंट फक्त त्यांच्या स्वतःच्या प्रस्तावनेचा काढला होता.

कॉम्प्युटरबरोबर व्हायरस शोधणारा एक प्रोग्रॅम आला होता. तो कुणी मागितला नव्हता. सांगलीच्या विक्रेत्याने तो घालूनच मशीन पाठवलं होतं. सकाळी मशीन चालू केलं की तो आपणहून सुरू होई, पडद्यावर लाल चौकट येई आणि तपासणी संपेपर्यंत दुसरं काम करता येत नसे. महिन्याला कुरिअरने नवी फ्लॉपी येई. ती घातली की प्रोग्रॅम स्वतःला बदलून घेई आणि प्रत्येक बदलानंतर आणखी कशावर तरी संशय घेऊ लागे. त्या काळी मराठी अक्षरं नीट उमटावीत म्हणून प्रत्येक फाइलला सूचनांचा एक लहान तुकडा जोडलेला असे. प्रोग्रॅमला तो तुकडाच व्हायरस वाटे. प्रत्येक मराठी फाइलपाशी थांबून तो विचारी, दुरुस्त करू की सोडून देऊ? मालक प्रत्येक वेळी ‘सोडून दे’ दाबत. लग्नपत्रिका असो, ग्रामपंचायतीची नोटीस असो की माझी बातमी, हा प्रश्न चुकत नसे.

“चोर सोडून घरच्यांचीच झडती घेतंय हे,” मालक म्हणत.

“आमचा एक चेकर असाच हुता,” कंडक्टर म्हणत. “टपावर बसल्यात त्यास्नी हात लावायचा न्हाई. तिकीट काढून गप बसलेली बाई दिसली की तिला उठवायचा.”

मालकांनी विक्रेत्याला फोन करून प्रोग्रॅम काढून टाकायला सांगितलं. “काढा, पण मग मशीनचं काही झालं तर आमच्याकडं येऊ नका,” असं उत्तर आलं. एकदा त्यांनी स्वतःच तो काढून पाहिला, तर मशीन सुरू होईना. सांगलीहून माणूस आला, त्याने मशीन चालू केलं आणि प्रोग्रॅम परत घालून गेला. त्यानंतर मालकांनी तो विषय सोडून दिला.

छापखान्यांत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते आणि त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. पूजेच्या आदल्या दिवशी सगळं धुऊन घ्यायचं, ही कंपोझिटरांची रीत. टाइप रॉकेलमध्ये धुवायचे, केसेसमधली धूळ झाडायची, ट्रेडलला तेल द्यायचं. मळकं हत्यार पूजेला ठेवत नाहीत. शिशाचा टाइप कितीही धुतला तरी त्याचं अक्षर जात नाही, त्यामुळे या कामात जपण्यासारखं काही नसे.

त्या वर्षीही मालकांनी मागची खोली धुऊन काढली आणि मग ते पुढच्या खोलीत आले. पडदा पुसला, कीबोर्ड उलटा करून झटकला. महिन्याची फ्लॉपी त्याच आठवड्यात आली होती. मराठीची कटकट या वेळी मिटवली आहे, असं विक्रेत्याने फोनवर सांगितलं होतं. मालकांनी ती घातली. प्रोग्रॅमने स्वतःला बदलून घेतलं आणि विचारलं, यापुढे प्रत्येक वेळी विचारू की आपणहून दुरुस्त करू?

“वर्सातनं एकदा होऊनच जाऊ दे,” मालक म्हणाले आणि त्यांनी ‘आपणहून’ दाबलं.

मशीन बराच वेळ घरघरत राहिलं. माझी बातमी टाइप व्हायची होती, म्हणून मी बाकावर बसून होतो. मशीनचं झाल्यावर त्यांनी कपाटातल्या फ्लॉप्या काढल्या. “ह्यापण पूजेला ठेवायच्या. धुऊन घेऊ,” ते म्हणाले. एकेक फ्लॉपी फडक्याने पुसून ते मशीनमध्ये घालत, तपासणी झाली की बाहेर काढत आणि कीबोर्डशेजारी रचून ठेवत. शेवटी पडद्यावर हिरवी चौकट आली. सगळं दुरुस्त झालं होतं. मालक समाधानाने हात पुसत उठले. दुसऱ्या दिवशी मशीनला झेंडूची माळ, फ्लॉप्यांना हळदकुंकू, सगळ्यांना पेढे. त्याच्या पुढच्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

दसऱ्यानंतर दुकान उघडलं त्या सकाळी कंडक्टर जतकडच्या एका म्हाताऱ्यांना घेऊन आले. गृहस्थ पहाटेच्या एसटीने निघाले होते. मालक मशीनसमोर बसले होते. त्यांनी एक फाइल उघडली, मिटली, दुसरी उघडली, मिटली. मग फ्लॉप्या घालून पाहू लागले.

“काका, नावं हाईत. आत मजकूर न्हाई,” ते म्हणाले.

“कशात न्हाई?”

“कशातच न्हाई.”

कंडक्टर स्टुलावर बसले. “आजीचं?”

मालकांनी ती फाइल उघडून दाखवली. पडदा पांढरा होता.

मग जतचे गृहस्थ म्हणाले, “आता मी आलोय ते सांगू का नको?”

मालकांच्या हातून त्या दिवशी काही टाइप होणार नव्हतं. मी पॅड काढलं आणि म्हाताऱ्यांना सांगायला लावलं. ते मोकळेपणाने बोलले, मध्येच कन्नडमध्ये शिरत होते, कंडक्टर अर्थ सांगत होते. मी मला येतं तसं लिहिलं, कोण, कुठे, केव्हा, काय. संपल्यावर वाचून दाखवलं.

“बराबर हाय,” म्हातारे म्हणाले.

“हे पेपरातलं झालं,” कंडक्टर म्हणाले.

“मग पेपरात काय वाईट हाय रं?”

“वाईट काय न्हाई. पर हे तुमी न्हाई बोलला. हे ह्यांनी बोललं.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. तो कागद मी त्यांना दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, मात्र नंतर तो टाइप करायच्या मजकुरात कधी आला नाही.

पुढच्या आठवड्यात मालक, कंडक्टर आणि मी असे तिघं मशीनमधली हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून सांगलीला गेलो. विक्रेत्याने हात वर केले. दुरुस्तीचं काम करणाऱ्या एकाने ती दिवसभर ठेवून घेतली. संध्याकाळी त्याने सांगितलं, “साहेब, नुसतं पुसलं असतं तर निघालं असतं. ह्या प्रोग्रॅमनं तुकड्याबरोबर मजकूरबी पुसून त्याच्यावर दुसरं लिवलंय.” फ्लॉप्यांचंही तेच होतं. परतीच्या गाडीची वाट पाहताना कंडक्टर स्टँडवर म्हणाले, “एकदा सांगाय त्यांस्नी लय जड गेलं हुतं. आता परत कुठल्या तोंडानं इचारू?”

तरीही त्यांनी विचारलं. दिवाळीनंतर जे हयात होते त्यांच्यातले काही जण पुन्हा आले. मालकांनी तो प्रोग्रॅम सांगलीच्या दुरुस्तीवाल्याकडून बंद पाडून घेतला होता, मशीन रडतखडत चालत होतं. माणसं स्टुलावर बसत आणि थोडक्यात आवरत. विट्याकडच्या एका गृहस्थांनी पहिल्या खेपेला दुपारभर सांगितलं होतं. या वेळी ते चहा निवायच्या आत थांबले.

“आवं, मागं रडला हुता की तुमी इथं,” कंडक्टर म्हणाले. “बापानं मारलं ते सांगताना.”

“व्हय. पर सांगून टाकलं आन डोक्यातनं उतरलं गड्या. बरं वाटलं तवा. आता परत न्हाई चढत.”

शेवटी राहिली उंब्रजकडची आजी. तिचं आपणच सांगावं, असं कंडक्टरांनी ठरवलं. ते स्टुलावर बसले आणि मालकांनी कीबोर्ड जवळ ओढला. टाक, फडकं, उंबरा इथपर्यंत ठीक चाललं. मग नदीचा काठ आला. सासूच्या तोंडचं वाक्य कंडक्टरांनी सांगितलं, मालकांनी टाइप केलं आणि वाचलं.

“न्हाई. असं न्हवती म्हणाली.”

दुसरं सांगितलं. तेही वाचलं.

“ह्ये मी बोलतोय,” कंडक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तुमी हुता की इथं. काय म्हणाली?”

मी तेव्हा बाकावरच होतो. ताम्हणाचं मला आठवत होतं, ओलांडून जाणं आठवत होतं, आजीने आवाज बदलला तेही आठवत होतं. शब्द आठवत नव्हते. मालकांनाही आठवेनात, ते म्हणाले की कानातून हातात जातं, मध्ये काही राहत नाही.

“पुसा,” कंडक्टर म्हणाले.

“तेवढं वाक्य?”

“समदं. तिच्या नावावर माझं नको.”

मालकांनी मजकूर पुसला.

कंडक्टर पुन्हा कामासाठी दुकानात आले नाहीत. पुस्तक निघालं नाही. पुढे ते मला नाक्यावर भेटत, थांबून तब्येतीची चौकशी करत, आणि मी पुस्तकाचं काही विचारायच्या आत निघून जात.