आतल्या बाजूचं ब्रेक पॅड

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, लूमच्या शेडमधल्या मारामाऱ्या तर मोजायच्याच सोडून दिल्या होत्या. त्यातलं बरंचसं आता डोक्यातून गेलं. एक प्रकरण मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, आणि गंमत अशी की त्यात ना हत्यार होतं ना गुन्हेगार. मी तेव्हा भिवंडीत पोलीस निरीक्षक होतो. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात.

दोन भाऊ होते, पूर्णा गावचे, पिढीजात शेती करणारे. भाताची खाचरं गेली, त्यांच्यावर गोदामं उभी राहिली आणि घराची ऐपत वाढली. थोरल्याने मोठी पांढरी एसयूव्ही घेतली. एका दुपारी तो बायकोला घेऊन वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला गेला. परत येताना आमच्या हद्दीतल्या एका उतारावर गाडीचे ब्रेक लागलेच नाहीत. कडेला ट्रेलर उभा होता, त्यावर गाडीची डावी बाजू आदळली. बायको त्याच बाजूला बसली होती. ती जागीच गेली. थोरल्याचा हात मोडला, पण तो वाचला.

मी हॉस्पिटलात जबाब घ्यायला गेलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी नाव विचारायच्या आधीच म्हणाला, "साहेब, लिवून घ्या. माझ्या भावाने ब्रेकचा पाइप कापला."

"कशावरून?"

"चाकातून तेल गळत व्हतं, लोकांनी बघितलंय. त्याच्याबिगर माझ्या वाईटावर कोण हाय?"

तेल गळत होतं हे खरं. पंचनाम्यात पुढचं डावं चाक आतून ओलं असल्याची नोंद होती. भावाभावांचं वैरही खरं. रस्त्याला लागून असलेली जमीन कोणी गोदामाला द्यायची, यावरून दोघांचं गणपतीनंतर फाटलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद, जाणं-येणं बंद. थोरल्याने घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की धाकट्याच्या घरातल्या कुत्र्यालाही हाड म्हणायचं नाही.

तरीही नुसत्या संशयावर मी कोणाला उचलत नाही. पण दुसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. या भावांच्या घराला लागून असलेल्या गोदामाचा वॉचमन बोलत होता. "साब, छोटा भाई एक दिन पहले बड़े की गाड़ी के पास लेटा हुआ था. अगले पहिये में हाथ डाल के. बड़ा घर पे नहीं था. मैंने अपनी आँखों से देखा."

त्याला बोलावून रीतसर जबाब घेतला. माणूस सरळ होता, कोणी पढवलेला वाटला नाही. फिर्याद होती, कारण होतं, प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार होता. धाकट्याला मी अटक केली. नियमाने केली, आणि त्याबद्दल आजही कोणाची माफी मागणार नाही. कोर्टाने पोलीस कोठडी दिली. बाहेर गेटवर अर्धं गाव उभं होतं. त्यातले निम्मे फाशीच्या गोष्टी करत होते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी आदल्या महिन्यात धाकट्याच्या घरी जेवणावळी झोडल्या होत्या. गावाला काय, दोष द्यायला कोणीतरी लागतो.

चौकशीत खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हा माझा अनुभव. न विचारलेलंही सांगतो. हा पठ्ठ्या उलटा निघाला.

"गाडीपाशी गेला होतास?"

"गेलतो."

"चाकात हात घातलास?"

"घातला."

"कशाला?"

दरडावलं, समजावलं, चहा पाजला. ढिम्म. शेवटी म्हणाला, "साहेब, ब्रेक मी न्हाय कापला. माझी वयनी बसणार व्हती त्या गाडीत. पण कशाला गेलतो ते मी सांगणार न्हाय. मारा पाहिजे तर."

मला राग आला. खरं सांगायचं तर कीवही आली. त्याच्या बायकोला बोलावलं तर ती रडत एवढंच सांगू शकली की वहिनी लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता, आई आधीच गेली होती, याचा डबा भरून देण्यापासून याचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं वहिनीने केलं. कोठडीत त्याने माझ्याकडे एकच मागणं केलं. "दहाव्याला मला घाटावर घेऊन चला. बेड्या घाला, हरकत न्हाय. लांबूनच बघीन." मी वर विचारलं. गावात वातावरण तापलेलं, नकार आला. तो मी त्याला सांगितला. तो भिंतीला टेकून बसला आणि त्या दिवशी जेवला नाही.

गाडी आमच्या आवारात जप्तीच्या मोटारसायकलींच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. आरटीओतून मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आले. मिशीवाले, तुसडे गृहस्थ, दिवसभरात चार वाक्यं बोलले असतील. त्यांनी पंचांसमोर डावं चाक उतरवलं, टॉर्च मारला आणि मला खाली वाकायला सांगितलं.

"पाइप बघा. कुठे कापल्याची खूण?"

नव्हती. पाइप अखंड होता. तेल भलतीकडूनच आलं होतं. निरीक्षकांनी मला जे समजावलं ते वाचकांना सोप्या शब्दांत सांगतो, कारण तुमच्याही दारात गाडी असेल. चाकासोबत एक लोखंडी तबकडी फिरते. ब्रेक दाबला की तिला दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात, एक बाहेरून, एक आतून. हा चिमटा ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या की बाहेरचं पॅड नुसतं नावाला राहतं आणि सगळा भार आतल्यावर येतो. या गाडीचं बाहेरचं पॅड जवळजवळ नवं होतं. आतलं झिजून झिजून संपलं होतं, नुसती लोखंडी पट्टी तबकडीवर घासत होती. त्या झिजेमुळे पॅडला ढकलणारा आतला दट्ट्या बाहेर सरकत गेला, तिथून तेल निसटलं, आणि उतारावर पाय दाबला तेव्हा ब्रेकमध्ये जीवच उरला नाही.

निरीक्षकांनी नखाने पिनेवरचा थर खरवडला. "ही गाडी खाऱ्या पाण्यात घातली होती का?"

भिवंडीत राहणाऱ्याला याचं उत्तर विचारावं लागत नाही. विसर्जनाला गाडी रिव्हर्समध्ये खाडीत उतरवायची, मागचं दार उघडायचं आणि बाप्पाला थेट पाण्यात सोडायचं. ज्याची गाडी जास्त खोल जाईल त्याचा मान मोठा. पुढची चाकंही बुडाली की ढोल वाढतो. घरी येऊन गाडी वरून चकाचक धुवायची, हार घालायचा, लिंबू-मिरची बांधायची. चाकं उतरवून आतलं मीठ धुवावं आणि पिनांना ग्रीस लावावं, हे कोणाच्या गावी नसतं. थोरल्याने सीट कव्हर नवीन घातली होती, देखण्या जाळीची चाकं बसवली होती. सर्व्हिसिंगला मात्र वर्षभर गाडी दाखवली नव्हती. ब्रेकचं तेल कमी झाल्याचा लाल दिवा मीटरवर लागायचा तर तो हँडब्रेकचा दिवा समजून हँडब्रेक खाली ढकलायचा. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, अगदी सहज, जसं काही विशेष नाही.

अहवाल घेऊन मी धाकट्यासमोर बसलो. "ब्रेक कोणी कापला नाही. तू सुटणार. पण चाकात हात का घातलास हे लिहिल्याशिवाय माझा कागद पुरा होत नाही. आता तरी बोल."

त्याने अहवाल पुढे ओढून घेतला. मग म्हणाला, "वयनीने बोलावलं व्हतं."

थोरल्याने बोलणं बंद केलं, पण वहिनीने केलं नव्हतं. नवरा बाहेर गेला की ती भिंतीवरून याला हाक मारायची. भाकरी द्यायची, याच्या पोरीची वेणी घालायची. त्या दिवशी तिने सांगितलं की ब्रेक दाबला की चाकातून घर्र घर्र आवाज येतो, मला भीती वाटते, यांना सांगितलं तर गाण्याचा आवाज वाढवतात. उद्या देवीला जायचंय, तू एकदा बघ. हा आधी टेम्पो चालवायचा, त्याला थोडंफार कळत होतं. थोरला कोणाच्या तरी गाडीतून बाहेर गेला होता. हा पालथा पडला, चाकाच्या जाळीतून मोबाइलचा टॉर्च मारला, हात घालून पॅड चाचपलं. जाड होतं.

"वयनीला सांगितलं, पॅड चांगलं हाय. आवाज धुळीचा असंल. जा बिनधास्त."

"आणि हे आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

"कसा सांगू? दादाने तिला माझ्याशी बोलायची बंदी केलेली. मेल्यावर तिच्या नावाला बोल लावू का?" मग वर बघून म्हणाला, "साहेब, पॅड जाड व्हतं. मी हाताने बघितलंय. मग ब्रेक कसा गेला?"

माझ्यासमोर निरीक्षकांनी काढलेले फोटो होते. लपवायचे की दाखवायचे, असा विचार मी केला नाही. आज ना उद्या कोर्टात त्याला ते दिसणारच होते. पहिला फोटो बघून तो म्हणाला, "हेच. हेच बघितलं मी." मग मी दुसरा पुढे केला, आतल्या बाजूचा. तो फोटो त्याने हातात घेतला नाही. टेबलावर होता तसाच बघितला.

त्याचा जबाब नोंदवला. थोरल्याला बोलावून सगळं सांगणं भाग होतं, फिर्यादी तोच. हात गळ्यात बांधून तो माझ्या केबिनमध्ये आला. मी पाइप अखंड असल्याचं सांगितलं, पिना गंजल्याचं सांगितलं, खाडीचं सांगितलं, धाकट्याचा जबाब वाचून दाखवला. वाटलं, आता हा कोसळेल. बायको भीतीने सांगत होती आणि आपण गाणी लावत होतो, हे ऐकून दगडालाही काही वाटलं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे ती माझ्या पाठीमागं त्याच्याशी बोलत व्हती?"

 इतक्या वर्षांच्या नोकरीत मी आरोपींवर हात उगारायचा मोह आवरला होता. त्या दिवशी फिर्यादीवर आवरला. "जा तुम्ही," एवढंच म्हणालो. बाहेर जाऊन त्याने गावात सांगितलं की धाकट्याने पोलिसांना मॅनेज केलं. लोकांनी ते आनंदाने मानलं. आमचा अहवाल कोर्टाने मंजूर केला, पण गावाने तो कधी वाचला नाही.

लोक मला विचारतात, नोकरीने काय शिकवलं. या प्रकरणाने एवढं शिकवलं की माणसं मारायला दर वेळी हेतू लागत नाही. एक दिखाऊ गाडी, घरात कोणाचंही न ऐकणारा पुरुष आणि दोन भावांमधला अबोला एवढं पुरतं. यातला एकही दखलपात्र गुन्हा नाही. हलगर्जीचं कलम फार तर गाडीपुरतं, बाकीच्याला कुठलं कलम लावणार? मी सरकारचा माणूस, कलमाबाहेर माझा हात जात नाही, आणि ते बरंच आहे म्हणायचं. पण तेव्हापासून कोणाच्या घरात भांडण आहे असं ऐकलं की मला आधी भांडणाऱ्यांची नाही, त्यांच्यामध्ये अडकलेल्या बाईची काळजी वाटते.

धाकटा सुटला त्या दिवशी ठाण्यात आपल्या वस्तू घ्यायला आला. मोबाइल, पाकीट, गळ्यातला गंडा. सही केली आणि जायचं सोडून माझ्या दारात उभा राहिला.

"साहेब, एक विचारू? आतलं पॅड चाक काढल्याशिवाय दिसलंच नसतं ना?"

त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. "नाही," मी म्हणालो. "आतून पत्रा असतो. चाक काढल्याशिवाय नाही दिसत."

त्याने मान हलवली. मला वाटलं, त्याचं समाधान झालं.

"मी जॅक लावला व्हता, साहेब," तो म्हणाला. "नट ढिले करणार इतक्यात रस्त्यावर गाडी वाजली. वाटलं, दादा आला. त्याने बघितलं असतं तर वयनीला बोलला असता, म्हणून जॅक उतरवला." त्याने पाकीट खिशात घातलं. "दादा न्हवता तो. दुसरीच कुणाची गाडी व्हती."